कवडशातली धूळ आणि डिमॉक्रिटसचा अणू

‘अणू अडीच हजार वर्षांपूर्वीच सापडला होता’ हा मजकूर महिन्यातून एकदा तरी माझ्या फोनवर येतो. कधी श्रेय कणादांना, कधी ग्रीसच्या डिमॉक्रिटसला. सापडला मात्र कोणालाच नव्हता. डिमॉक्रिटसकडे ना भिंग होतं ना प्रयोगशाळा. त्याच्यापुढे होता एक वाद.

त्याच्या आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस याचं म्हणणं असं, की जे नाही ते नाहीच, म्हणून पोकळीही नाही. पोकळी नाही तर सरकायला जागा नाही, आणि मग हालचाल हा निव्वळ भास. ल्युसिपस आणि अब्देराचा डिमॉक्रिटस (जन्म इ.स.पू. ४६० च्या सुमारास) यांनी तोड काढली : पोकळी आहे आणि तिच्यात न तुटणारे कण फिरताहेत. गोड, कडू, रंग हे सगळं आपल्या मानण्यातलं. खरे फक्त अणू आणि पोकळी. पण त्याच्याच एका वचनात इंद्रियं बुद्धीला सुनावतात : पुरावा आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच खोटं पाडतेस? आम्ही पडलो तर तूही पडशील!

हा टोमणा मला फार आवडतो. त्याला नीट उत्तर मिळायला विसावं शतक उजाडलं.

कवडशातली धूळ न दिसणाऱ्या अणूंच्या धक्क्यांनी नाचते, असं रोमन कवी ल्युक्रिशसने लिहिलं. (कल्पना झकास, उदाहरण चुकीचं, ती धूळ मुख्यतः हवेच्या झोतांनी हलते. आपल्या वैशेषिकांचा, म्हणजे कणादांच्या परंपरेचा, त्रसरेणू हा डोळ्यांना दिसणारा सर्वांत बारीक कणही याच कवडशातला.) खरा नाच १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने सूक्ष्मदर्शकाखाली, पाण्यात पाहिला. ‘परागकण नाचले’ असं आपण परीक्षेत लिहितो, पण अख्खा परागकण त्यासाठी फार मोठा असतो. नाचत होते ते त्याच्या आतून निघालेले बारीक कण. दगडाची पूड घेतली तरी तेच, म्हणजे सजीवपणाचा संबंध नाही.

मोठा कण का नाचत नाही? नाणं १०० वेळा उडवा. छापा आणि काटा यांत साधारण १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० वेळा उडवलं तर फरक १०० च्या आसपास, म्हणजे अवघा १ टक्का. पाण्याचे रेणू कणाला चहूबाजूंनी टोले देतात. मोठ्या कणावर ते इतके बसतात, की हिशेब जवळजवळ फिटतो. लहान कणावर एखाद्या बाजूचं पारडं क्षणभर जड होतं आणि तो सरकतो.

आइन्स्टाइनने १९०५ मध्ये याचं गणित मांडलं. कणाचं सरासरी अंतर वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा कण पाण्यात एका सेकंदात ०.८ मायक्रॉन सरकतो. मिनिटात मात्र ४८ नव्हे, जेमतेम ६. त्याच सूत्रात ॲव्होगाद्रो संख्या, म्हणजे ठरावीक मापाच्या पदार्थात किती रेणू असतात तो आकडा, बसलेली आहे. त्यामुळे सरकलेलं अंतर मोजलं, की रेणूंची मोजदाद होते. १९०८ पासून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरांने ती करून दाखवली आणि अणूवर विश्वास नसलेला रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डही नमला. म्हणजे साक्ष शेवटी डोळ्यांनीच दिली.

फक्त तोवर अणू ‘न तुटणारा’ राहिला नव्हता. त्यातला इलेक्ट्रॉन जे. जे. थॉमसनने १८९७ मध्येच बाहेर काढला होता.