‘कन्सिलिएटरी’ पत्र आलं म्हणजे वाद मिटला का?

समोरच्या पार्टीचं इंग्रजी पत्र भाषांतराला देताना ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “यांनी मान्य केलं ना?” पत्रात ‘कन्सिलिएटरी’ हा शब्द असेल तर उत्तराची घाई नको.

हे विशेषण सूर, भाषा, पवित्रा, एखादी कृती यांना लागतं. राग निवावा, बोलणी पुन्हा सुरू व्हावीत एवढी इच्छा ते दाखवतं. वाद मिटला असं म्हणत नाही. ‘इन अ कन्सिलिएटरी स्पिरिट’ याचं भाषांतर आम्ही ‘सामोपचाराच्या भूमिकेतून’ असं करतो. तिथे ‘समेट करून’ लिहिलं की घोटाळा झालाच, कारण समेट ही पुढची पायरी. पत्राच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ असेल, तर ते भाषांतरातही यायलाच हवं. बोलण्यात नरमाई आली तरी लिहिणाऱ्याने हक्क सोडलेला नाही, हे ते शब्द सांगतात.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र आणणं. ‘कौन्सिल’ त्याच कुळातला. आपल्याकडे साम-दाम-दंड-भेदातला पहिला उपाय साम, म्हणून ‘सामोपचार’ आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. भाऊबंदकीच्या पत्रात मात्र ‘सलोख्याचा’ बरा. शेतजमिनीच्या ताब्याची अदलाबदल करण्याच्या राज्य सरकारच्या २०२३ मधल्या योजनेचं नावही ‘सलोखा’च आहे. ‘मवाळ’ शक्यतो टाळतो, त्याला जहाल-मवाळ वादाचा वास येतो. ‘नमतं घेणारा’ तर नकोच. ज्याचं पत्र त्यालाच ते झोंबेल.

‘कन्सिलिएशन’ हे नाम आलं, तर मामला वेगळा. ती कायद्यातली रीतसर प्रक्रिया आहे. १९९६ च्या लवाद व समेट कायद्यात समेट घडवणारा त्रयस्थ स्वतःहून तोडगा सुचवू शकतो, आणि त्या प्रक्रियेतून झालेल्या सह्यांच्या करारनाम्याला लवादाच्या निवाड्याइतकंच वजन दिलेलं आहे. नुसत्या गोड पत्राला ते नसतं.

भाषांतराला देताना आधीची दोन-तीन पत्रंही आणा, म्हणजे सूर खरोखर बदललाय की नेहमीचाच शिष्टाचार आहे, ते कळतं. आम्ही वकील नाही. उत्तरावर सही करण्याआधी मूळ पत्र आणि भाषांतर, दोन्ही वकिलांना दाखवून घ्या.