सिद्ध केलेला कोड तरी चुकतो कसा?

बायनरी सर्च माहितीये ना? क्रमाने लावलेल्या यादीत काही शोधायचं तर थेट मधोमध बघायचं, हवं ते त्याच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवायचं, अर्धी यादी सोडून द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात परत तेच. दहा-पंधरा ओळींचं काम. संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी १९८०च्या दशकात हा प्रोग्राम बरोबर असल्याचं पायरी-पायरीने सिद्ध करून दाखवलं, प्रोग्रामर जोशुआ ब्लॉक यांनी त्याच वळणाचा कोड जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, लिहिला, आणि २००६ मध्ये खुद्द ब्लॉक यांनीच सांगितलं की दोन्हीकडे तोच एक बग आहे.

बग मधली जागा काढायच्या ओळीत. खालचं टोक अधिक वरचं टोक, भागिले दोन, यात काय चुकणार? पण ३२ बिटांच्या खणात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढाच आकडा मावतो, त्यापुढे गेला की तो उलटून उणे बाजूला जातो. खालचं टोक १०० कोटींवर आणि वरचं १५० कोटींवर असेल तर बेरीज २५० कोटी यायच्या ऐवजी उणे १७९ कोटींच्या आसपास येते, तिचं अर्ध करून प्रोग्राम उणे नव्वदेक कोटीव्या जागेवर बघायला जातो आणि आडवा पडतो. इतकी लांब यादी पूर्वी होती कुणाकडे, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. बरं, प्रूफ चुकलं होतं का, तर तेही नाही. प्रूफमधले आकडे वहीतले होते, वाटेल तेवढे वाढणारे, मशीनमधले तसे नसतात एवढंच.

फॉर्मल मेथड्सची अख्खी गोष्ट मला या एका ओळीत दिसते. प्रोग्रामने काय करायला हवं ते आधी गणिताच्या भाषेत लिहायचं, त्याला स्पेक म्हणतात, आणि मग कोड त्या स्पेकप्रमाणेच वागतो हे सिद्ध करायचं, हल्ली हे प्रूफ कागदावर नाही तर मशीनकडून तपासून घेतात. टेस्टिंग म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि सगळी शितं तपासू म्हटलं तर जमत नाही हो. ३२ बिटांचे दोन आकडे घेणारं साधं फंक्शन, सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या जोड्या संपायला साधारण ५८५ वर्षं लागतील.

मग फरक किती पडतो? माझं आवडतं उदाहरण एसईएल४ हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टीमने त्याचं प्रूफ पूर्ण केलं. सी या प्रोग्रामिंग भाषेतला कोड सुमारे ८,७०० ओळी आणि प्रूफ सुमारे २,००,००० ओळी, म्हणजे कोडच्या एका ओळीमागे प्रूफच्या तेवीस! सी कोडचं प्रूफ सुरू करायच्या आधी कर्नल वापरात होतं आणि टेस्टिंगमध्ये १६ दोष सापडले होते. प्रूफ करताना आणखी १४४ निघाले. हे वाचून मी माझ्या स्वतःच्या 'टेस्ट पास झाल्या' वाल्या कोडकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. अर्थात एकूण मेहनत वीसेक माणूस-वर्षांची होती, त्यामुळे उद्या कुणी साध्या वेबसाइटसाठी हे करेल असं नाही, करूही नये.

दुसरं, कॉम्पसर्ट नावाचा सी कंपायलर, म्हणजे सी मधला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. त्याच्या मधल्या टप्प्यांचं, म्हणजे कोड उलटापालटा करून वेगवान करतात त्या भागाचं, प्रूफ आहे. सीस्मिथ नावाच्या टूलने सी मधले प्रोग्राम रँडम बनवून तीन वर्षं वेगवेगळ्या कंपायलरना अक्षरशः छळलं आणि ३२५हून जास्त बग काढले. २०११ च्या पेपरात त्या लोकांनी लिहिलंय की बाकी सगळ्यांच्या मधल्या टप्प्यांत जे बग निघाले तसे कॉम्पसर्टमध्ये नव्हते. सापडले ते ज्या भागाचं प्रूफ केलेलं नव्हतं तिथे.

म्हणजे पाणी मुरतं ते कडेला. २०१७ मध्ये संशोधकांनी तीन 'सिद्ध' डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, म्हणजे अनेक मशीन्सवर मिळून चालणाऱ्या सिस्टिम्स, तपासल्या, त्यात १६ बग निघाले. ज्याचं प्रूफ होतं त्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मशीन्सनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांत, एकही नाही! निघाले ते नेटवर्कशी आणि फायलींशी बोलणाऱ्या, प्रूफच्या बाहेर राहिलेल्या कोडमध्ये, जिथे 'नेटवर्क असंच वागेल' असं गृहीत धरलं होतं आणि ते तसं वागलं नाही. काही बग स्पेकमध्येच होते, म्हणजे कोडने सांगितलं तेच केलं, सांगणाऱ्याचंच चुकलं होतं. आणि थोडे तर चक्क प्रूफ तपासणाऱ्या टूल्समध्ये, ज्यांच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा असतो.