डायव्हर्टिक्युलायटिस: पॉपकॉर्न उगाच बदनाम झाले

ओटीपोटात डाव्या बाजूला सारखं दुखतंय, दाबलं की कळ येते, अंगात ताप आहे आणि सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर हा लांबलचक शब्द. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात ती जागा जरा कच्ची असते, आत दाब वाढला की तिथून अस्तर बाहेर ढकललं जातं आणि वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. नुसत्या पिशव्या म्हणजे आजार नव्हे. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या जवळपास निम्म्या लोकांना त्या असतात, बहुतेकांना पत्ताही नसतो. एखादी सुजली की मात्र हे दुखणं सुरू. आपल्या आशिया खंडात त्या बऱ्याचदा उजवीकडे होतात, त्यामुळे पहिला संशय अपेंडिक्सवर.

पूर्वी डॉक्टर सांगायचे, दाणे, मका, पॉपकॉर्न बंद, पिशवीत अडकतात म्हणे. मग अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १८ वर्षं माग ठेवला, २००८ साली निकाल आला, आणि दाणे-पॉपकॉर्न भरपूर खाणाऱ्यांना हा त्रास उलट कमीच झालेला! खरे गुन्हेगार वेगळेच: वाढतं वय, सुटलेलं पोट, सिगारेट, बैठं काम, चोथा कमी आणि लाल मांस जास्त असलेलं जेवण, शिवाय आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर, स्टिरॉइड. थोडं घराण्यातूनही येतं.

उपचारही बदललेत. आधी सरसकट अँटिबायोटिक द्यायचे, पण २०१२ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी साध्या केसेसमध्ये निम्म्यांना नुसतं सलाईन दिलं तर तेही तेवढेच बरे झाले. म्हणून तब्येत एरवी ठणठणीत असेल तर आता पॅरासिटामॉल, दोन-तीन दिवस पेज, डाळीचं पाणी असं पातळ खाणं आणि घरी आराम, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं (हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं हं, आपलं आपण नाही). पू साचला तर अँटिबायोटिक लागतंच, गळू मोठं असेल तर बाहेरून नळी घालून पू काढतात. आतडं फुटून आतली घाण पोटभर पसरली तर तातडीचं ऑपरेशन, कधी काही महिने शौचासाठी पोटावर बाहेरून पिशवी लावावी लागते. दोनदा त्रास झाला की आतड्याचा तेवढा भाग कापाच, हा जुना नियमही आता कुणी डोळे झाकून पाळत नाही.

सूज उतरली की चोथा हळूहळू वाढवायचा, एकदम वाटीभर मोड आलेली मटकी नको. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं) लगेच करत नाहीत, सुजलेल्या आतड्याला भोक पडायची भीती असते, सहा-आठ आठवड्यांनी करतात, आणि अलीकडे झालेली नसेल तर टाळू नका, कारण स्कॅनमध्ये कॅन्सरसुद्धा कधीकधी असाच दिसतो.