गुलमर्ग : आधी उन्हाळ्याचे, मग बर्फाचे

काश्मीरमधले गुलमर्ग म्हटले की आज स्कीइंग आणि गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी केबल कार, आठवतो. गंमत अशी की हे ठिकाण नावारूपाला आले ते उन्हाळ्यासाठी. हिवाळ्यात तिथे कुणी मुद्दाम जाईल, ही कल्पना फार उशिराची.

बारामुल्ला जिल्ह्यातले, सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे मोठे थोरले कुरण. बर्फ वितळले की गुज्जर-बकरवाल हे भटके पशुपालक जनावरे घेऊन या भागात चढायचे. काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक, मुघल बादशहा जहांगीर यांनाही इथल्या फुलांनी भुरळ घातल्याचे सांगतात. एकोणिसाव्या शतकात मैदानी उकाड्याला कंटाळलेले इंग्रज आले आणि गवतावर गोल्फ सुरू झाला, लाकडी हट उभ्या राहिल्या. सेंट मेरी चर्च १९०२चे. गाडीरस्ता पायथ्याच्या तंगमर्गला संपायचा. पुढची चढण घोड्यावर, नाहीतर पायी. आजही जोराची बर्फवृष्टी झाली की तंगमर्गलाच गाड्या थांबतात, चाकांना साखळ्या चढवल्याशिवाय वर जाता येत नाही.

स्कीइंग रुजले ते १९२७मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढल्यावर. हौस साहेबांची होती, त्यामुळे साहेबांबरोबर ती गेलीही असती. टिकली ती लष्करामुळे. १९४७च्या युद्धाने बर्फात लढण्याची गरज दाखवून दिली आणि १९४८मध्ये इथे लष्कराची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. नागरी पर्यटनासाठी हिवाळी खेळांची जागा शोधायला साठच्या दशकात ऑस्ट्रियाचे स्कीपटू रुडॉल्फ मॅट आले. त्यांनी गुलमर्ग निवडले.

खरा बदल मात्र गोंडोलाने घडवला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या पोमा कंपनीच्या तंत्रज्ञानावर काम सुरू झाले, पण दहशतवाद उसळला आणि १९९०च्या सुमारास ते बंद पडले. अर्धवट खांब बरीच वर्षे तसेच होते. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८मध्ये सुरू झाला, तर अफरवत शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेणारा दुसरा टप्पा २००५मध्ये. या दुसऱ्या टप्प्याने परदेशी स्कीअर आणले. तयार वाटांवरून घसरण्यापेक्षा अफरवतच्या उघड्या उतारांवरच्या ताज्या, भुसभुशीत बर्फात उतरणे हे त्यांचे आकर्षण. त्यात हिमस्खलनाचा धोका असतोच. फेब्रुवारी २०२४मध्ये एका रशियन स्कीअरचा त्यातच मृत्यू झाला.

आपल्याकडच्या टूरवाल्यांनी मात्र हाच गोंडोला मे महिन्यात भरला. शाळांना सुट्टी, मुंबई-पुण्यात काहिली, आणि वर दुसऱ्या टप्प्यावर अजून शिल्लक बर्फाचे पट्टे. भाड्याचा ओव्हरकोट, गमबूट, स्लेज ओढणारा माणूस, बर्फाचा गोळा हातात धरून फोटो. वारा वाढला की वरचा टप्पा बंद होतो आणि तिकीट काढलेली मंडळी कोंगडोरीवर हिरमुसून बसतात. इंग्रज इथे गवतासाठी आले होते. आपल्याला भर उन्हाळ्यातही बर्फच हवा असतो. एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर हा ओघ एकदम आटला, ती गोष्ट वेगळी.

पण बर्फाचाच भरवसा आता कमी झाला आहे. जानेवारी २०२४मध्ये ऐन हंगामात उतार तपकिरी होते. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा २०२०पासून इथे होऊ लागल्या, २०२५मध्ये पुरेसा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतल्या स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.