पत्त्यात ‘बंदर’ कुठून आलं? वाडीबंदरच्या मालधक्क्याविषयी

सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या आमच्या मालवाहतुकीच्या पेढीत पहिल्यांदा माल सोडवायला येणारे गिऱ्हाईक हमखास विचारतात, “वाडीबंदरला आलोय, पण इथे समुद्र कुठे?” त्यांच्यासाठी हे पत्रक.

समुद्र इथेच होता. बोरीबंदर, कर्नाक बंदर, वाडीबंदर, सगळीकडे गलबतं लागायची. भराव पडत गेला, पाणी पूर्वेला हटलं, नावं जागेवर राहिली. १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. १८७३ला बंदराचा कारभार पाहणारं पोर्ट ट्रस्ट आलं आणि १८८०ला प्रिन्सेस डॉक सुरू झाला. एका हाताला गोदी, दुसऱ्या हाताला जीआयपी रेल्वेचे (म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचे) रूळ, म्हणून मालधक्का इथेच शोभला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मालगाडीच्या वाघिणीतून यायचा आणि बोटीत चढायचा. १९१५ला पोर्ट ट्रस्टने वडाळ्याकडे जाणारी स्वतःची रेल्वे काढली, तेव्हा गोदीतला माल थेट देशभर जाऊ लागला.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. पेटलेला कापूस उडून वखारींवर पडला. आगीशी झुंजताना बंबवाले गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर याच तारखेला अग्निशमन दिन पाळतात. आमच्या पेढीतही त्या दिवशी आधी बंबवाल्यांचं नाव निघतं, मग शटर उघडतं.

पण धक्का चालला तो माथाड्यांच्या मानेवर. हातात लोखंडी आकडा, डोक्यावर गुंडाळलेलं फडकं, आणि नजर पोत्यावरच्या मार्क्यावर, म्हणजे मालकाच्या खुणेवर. अक्षर न वाचता नुसत्या खुणेवरून पोतं कोणाचं ते सांगणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र बांधलं, १९६९ला माथाडी कायदा झाला. तुमच्या बिलात हमाली वेगळी दिसते ती त्यांच्या हक्काची आहे. कृपया तिच्यावर घासाघीस करू नका.

१९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरात गेला. वाडीबंदरच्या यार्डात आता प्रवासी गाड्यांची देखभाल होते. आमचा माल ट्रकने येतो-जातो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मात्र अजून वाडीबंदरचीच फाटते.

गठ्ठ्याच्या दोन बाजूंना मार्का ठळक काढा, शाई पावसात न पुसणारी घ्या. माल सोडवायला येताना मूळ बिल्टी आणा, झेरॉक्सवर माल देता येत नाही.