रंगमंचावरचा वार: सुरक्षित तालमीमागचा इतिहास

नाट्यशिक्षणात मारामारीची तालीम स्वतंत्र विषय म्हणून रुजली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विचार मात्र फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शस्त्र चालवण्याचे चार न्याय, म्हणजे पद्धती, सांगितल्या आहेत: भारत, सात्त्वत, वार्षगण्य आणि कैशिक. सोबत ताकीदही आहे. रंगमंचावर खरोखर भोसकायचं नाही, तोडायचं नाही, रक्त काढायचं नाही. शस्त्राचा घाव फक्त खुणेनं दाखवायचा. नटानं अंगाला तेल चोळून व्यायाम करावा, हेही तिथंच येतं. लढत ही शरीर कमावून शिकायची गोष्ट आहे, हे तेव्हाच पक्कं ठरलेलं होतं.

युरोपात वेगळं घडलं. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या नाट्यगृहांत तलवारबाजीचे सामनेही रंगत, आणि रिचर्ड टार्लटन हा विनोदी नट १५८७ मध्ये तलवारबाजीचा मास्टर ठरला. नटाला तलवार येतेच, असं गृहीत धरलं जाई. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे गृहीत उरलं नव्हतं. फिरत्या कंपन्यांतले नट मग वारांच्या ठरावीक मालिका पाठ करत. त्यांतल्या एकीचं नाव ‘ग्लासगो टेन्स’. नाव घेतलं की अनोळखी नटाबरोबरही लढत उभी राहायची. सोय मोठी होती, पण पात्र कुठलंही असो, वार तेच. शिवाय हातातलं हत्यार तपासण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. १८९६ मध्ये लंडनच्या नॉव्हेल्टी थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना खरी कट्यार लागून एका तरुण नटाचा जीव गेला.

माझ्या मते खरा बदल पुढं झाला. तलवारबाजी येणं आणि रंगमंचावर लढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवणाऱ्यांनी उघडपणे मांडलं. खेळात समोरच्याला स्पर्श करायचा असतो. इथं तो टाळायचा असतो. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत फाइट डायरेक्टरांच्या, म्हणजे लढती बसवणाऱ्यांच्या, संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या परीक्षेत विद्यार्थी जोडीदारासह लढतीचा प्रवेश करून दाखवतो, आणि सुरक्षितता व अभिनय दोन्ही तपासले जातात.

या पद्धतीचा गाभा एका साध्या प्रसंगात दिसतो. केस धरून फरफटत नेण्याचा प्रसंग घ्या. हल्लेखोर केस ओढतच नाही, मूठ नुसती डोक्यावर टेकवतो. ‘बळी’ दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरतो आणि स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेगानं सरकतो. प्रेक्षकाला जबरदस्ती दिसते, पण सूत्रं मार खाणाऱ्याच्या हातात असतात. थपडेतही आधी नजरानजर, मग अंतराचा अंदाज, मग हात. आवाज प्रेक्षकांना न दिसेल अशी टाळी वाजवून काढायचा. विद्यार्थ्यांना हे शिकवताना घाई करणाऱ्या शिक्षकाचा मला मनापासून राग येतो. पहिल्या प्रयोगाच्या जोशात वेग आपोआप वाढतो, आणि संथ गतीत न मुरलेली हालचाल नेमकी तिथंच चुकते.

बंदुकांचा धडा चित्रपटांनी दिला. १९९३ मध्ये ब्रँडन ली हा नट चित्रीकरणात दगावला: नळीत अडकलेली गोळी नंतरच्या कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसाच्या दाबानं बाहेर पडली होती. कोरं काडतूस म्हणजे निरुपद्रवी, हा समज तरीही टिकून आहे.

आज जाणत्या नाट्यसंस्थांत प्रत्येक प्रयोगाआधी सगळ्या लढती आधी संथ आणि मग वेगात करून घेतात, कालच प्रयोग झालेला असला तरी. दुखापत झालेला किंवा थकलेला नट असेल, तर त्या दिवशीची लढत सोपी करतात.