अनसबस्क्राइब दाबलं की मेल वाढतात? सगळीकडं नाही

लातूरला क्लासच्या फॉर्मवर ईमेल दिला की ऑफरचे मेल सुरूच, अन् लोक सांगायलेत अनसबस्क्राइब (म्हणजे मेल बंद करायची लिंक) दाबू नका, आयडी चालू असल्याचं कळतं आन् मेल अजून वाढतात. हे अर्धंच खरंय. आपण स्वतः आयडी दिलेला क्लास, दुकान, बँक असेल तर बिनधास्त दाबा, कारण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियमच आहे, दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यानं जाहिरातीच्या मेलला एका क्लिकात बंद व्हायची सोय द्यायची आणि २ दिवसांत नाव काढायचं. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलचं स्वतःचं अनसबस्क्राइबचं बटण दिसलं तर तेच वापरा, मेलच्या आतल्या लिंकपेक्षा लई बरं.

लॉटरी लागली, केवायसी संपली असले अनोळखी मेल मात्र थेट स्पॅममधी टाका, त्यातली कुठलीच लिंक नको. अन् लिंकवर पासवर्ड, ओटीपी मागितला की लगेच पेज बंद.